पाण्याची वाट आणि इंजिनाचा ताप : प्रस्तावना

समुद्रावर चालणाऱ्या डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागच पंखा (प्रोपेलर) फिरवण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढाच भाग धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा हिस्सा सिलिंडरच्या भिंती, हेड आणि वंगणतेल यांच्यात शिरतो, जिथून तो पाण्याने वेळच्या वेळी काढून नेला नाही तर काही मिनिटांतच सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर तुटतो, पिस्टन प्रसरण पावून भिंतीला घासू लागतो आणि अखेरीस इंजिन जाम होते. ही उष्णता इंजिनातून उचलून समुद्रात सोडणारी पंप, नळ्या, गाळण्या, झडपा आणि विनिमयक यांची जी साखळी असते तिला शीतनव्यवस्था म्हणतात. प्रस्तुत पुस्तकाचा विषय ही साखळी आणि तिच्यातील दोषांचा शोध हा आहे; त्यातही भर आहे तो वीस-तीस वर्षे पाण्यात राबलेल्या नौकेवर, कारण नव्या इंजिनाचे तापणे आणि जुन्या इंजिनाचे तापणे यांची कारणे तापमापकाच्या काट्यावर सारखी दिसली तरी त्यांच्या शोधाची रीत वेगळी असावी लागते.

डहाणू आणि सातपाटीपासून वर्सोवा, ससून डॉक, करंजा, हर्णै, मिरकरवाडा ते मालवणपर्यंतच्या बंदरांत उभ्या असलेल्या यांत्रिक नौकांची प्रतवारी आजही लोक सिलिंडरांच्या संख्येवरून करतात, आणि ‘दोन सिलिंडर’, ‘सहा सिलिंडर’ एवढे म्हटले तरी नौकेचा आकार, तिची मासेमारीची पद्धत आणि मालकाची ऐपत यांचा अंदाज ऐकणाऱ्याला येतो. यांपैकी पुष्कळ नौकांवर मुळात ट्रक आणि बससाठी घडवलेल्या इंजिनांची सागरी रूपे बसवलेली आहेत. अशोक लेलँडची सागरी इंजिने हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. रस्त्यावरच्या इंजिनासमोर रेडिएटर असतो आणि त्यातून वाहणारी हवा पाणी थंड करते. नौकेच्या बंद इंजिनखोलीत तशी हवा नसते, म्हणून रेडिएटर काढून त्याच्या जागी समुद्राच्या पाण्यावर चालणारी व्यवस्था जोडावी लागते. याशिवाय कामाच्या स्वरूपातही मोठा फरक पडतो. ट्रक चढावर जोर लावतो आणि उतारावर विसावा घेतो, तर नौकेच्या पंख्याला पाण्याचा विरोध अखंड असतो आणि जाळे ओढणारे इंजिन तासन्‌तास जवळजवळ पूर्ण भाराखाली चालते, त्यामुळे रस्त्यावर खपून जाणारी शीतनाची उणीव समुद्रावर खपत नाही.

समुद्राचे पाणी वापरण्याचे तीन प्रकार आहेत आणि नौकेवर त्यांपैकी कोणता आहे हे कळल्याशिवाय शोधाला हात घालणे व्यर्थ ठरते. पहिल्या प्रकारात समुद्राचे पाणी थेट इंजिनाच्या पोटातून फिरवले जाते. रचना सोपी, पण मीठ आणि गंज दोन्ही इंजिनाच्या आत येतात, आणि पाणी सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्यातील चुन्याचे क्षार धातूवर झपाट्याने बसू लागतात म्हणून अशा इंजिनाला मुद्दाम थंड ठेवावे लागते. दुसऱ्या प्रकारात इंजिनाच्या आत गोड्या पाण्याचे बंद चक्र असते आणि ते पाणी आपली उष्णता उष्णता-विनिमयकात, म्हणजे हीट एक्स्चेंजरमध्ये, बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या समुद्राच्या पाण्याला देते. ही दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, आणि आतले पाणी ७५ ते ८५ अंशांवर सुखरूप राहते. तिसऱ्या प्रकारात इंजिनाचे गोडे पाणीच नौकेच्या तळाबाहेर बसवलेल्या नळ्यांतून फिरवून आणतात, ज्याला कील कूलिंग म्हणतात. येथे समुद्राचे पाणी आत घेण्याची गरजच नसते, त्यामुळे गाळाने भरलेल्या खाड्यांत ही रचना उपयोगी पडते. मात्र तळाला डांबर किंवा रंग लावताना या बाहेरच्या नळ्यांवरही तो थापला गेला, तर उष्णतेची बाहेर पडण्याची वाटच झाकली जाते, आणि पुढच्या हंगामात इंजिन का तापते याचे उत्तर इंजिनखोलीत कितीही शोधले तरी सापडत नाही.

या पुस्तकाची भूमिका एका वाक्यात सांगायची तर ती अशी, की जुन्या नौकेचे इंजिन एखाद्या भागाच्या बिघाडामुळे तापण्यापेक्षा राखीव क्षमता हळूहळू संपल्यामुळे तापते. शीतनव्यवस्था आखणारा अभियंता गरजेपेक्षा काही अधिक क्षमता तिच्यात ठेवतो; समजा ती तीस टक्के अधिक आहे. पुढच्या वर्षांत पंपाची पाती झिजतात, विनिमयकाच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो, समुद्रपाण्याच्या तोंडावर शेवाळ आणि शिंपले धरतात, तळ खडबडीत होऊन इंजिनावरचा भार वाढतो, आणि यांतील प्रत्येक गोष्ट त्या तीस टक्क्यांतला थोडा थोडा भाग खाते, पण काटा मात्र जागचा हलत नाही, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी झडप, आपले तोंड अधिकाधिक उघडून उणीव भरून काढत असतो. तो पूर्ण उघडला की भरून काढायला काही उरत नाही, आणि मग एखादी क्षुल्लक गोष्ट, जसे गाळणीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी किंवा मे महिन्यातले कोमट पाणी, काट्याला लाल पट्ट्यात ढकलते. मिस्त्री पिशवी काढतो, काटा खाली येतो, सर्वांना कारण सापडल्याचे समाधान मिळते. पण राखीव क्षमता शून्यावरच असते आणि तेच दुखणे महिनाभरात परत येते.

पाण्याच्या तापमानाचा प्रभाव किती असतो हे साध्या हिशेबाने दिसते. विनिमयकातून किती उष्णता जाईल हे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. आतले पाणी ८० अंशांचे आणि समुद्र २० अंशांचा असेल तर फरक ६० अंशांचा, आणि समुद्र ३० अंशांचा असेल तर ५० अंशांचा, म्हणजे तोच विनिमयक सहाव्या हिश्शाने कमी काम करतो. कोकण किनाऱ्याजवळ पावसाळ्यापूर्वी समुद्राचा पृष्ठभाग ३० अंशांच्या आसपास पोहोचतो. मोठ्या जहाजांच्या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरण संस्था समुद्राच्या पाण्याचे तापमान ३२ अंश गृहीत धरतात. थंड देशांतल्या सरोवरांसाठी बनवलेली सहलीची मोटरबोट मात्र त्या गृहीतावर घडवलेली असेलच असे नाही, आणि अशी जुनी बोट आपल्या पाण्यात आणणाऱ्याने हा फरक आधीच हिशेबात धरावा.

प्रवाहाचा हिशेब तर याहून महत्त्वाचा आहे. साधारण १०० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ७५ किलोवॅटचे इंजिन पूर्ण भारावर अंदाजे ६० किलोवॅट उष्णता पाण्याला देते असे धरले आणि समुद्रपाण्याचा पंप मिनिटाला १२० लिटर पाणी देत असेल, तर ते पाणी आत शिरताना आणि बाहेर पडताना सुमारे ७ अंशांचा फरक पडतो. पंप झिजून प्रवाह एक तृतीयांशावर आला तर हाच फरक २१ अंशांच्या पुढे जातो. म्हणून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान मोजणे ही या शोधातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी आहे. फरक फार मोठा असेल तर पाणी कमी वाहते आहे. फरक लहान असूनही इंजिन तापत असेल तर पाणी पुरेसे आहे, पण नळ्यांवरच्या थरामुळे ते उष्णता उचलू शकत नाही किंवा आतले गोडे पाणीच नीट फिरत नाही. एवढे कळले तरी इंजिनाचा अर्धा भाग उघडण्याचे श्रम वाचतात, आणि तरीही बंदरांवर ही मोजणी क्वचितच होते, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

मोजणीच्या आधीही एक प्रश्न विचारावा लागतो, तो असा की इंजिन नेमके केव्हा तापते. बंदरात मंद गतीवर उभे असतानाच काटा चढतो आणि वेग घेतल्यावर उतरतो, तर संशय झिजलेल्या पंपावर जातो. मंद गतीवर सर्व ठीक आणि वेग वाढवताच ताप, हे अपुऱ्या प्रवाहाचे, थर बसलेल्या विनिमयकाचे किंवा वाढलेल्या भाराचे लक्षण असते, आणि या प्रसंगी समुद्रपाणी खेचणारा होज पाइपही तपासावा, कारण जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसला तरी पंपाच्या ओढीखाली आतून चपटा होतो आणि इंजिन थांबवून पाहिले की पुन्हा गोल झालेला असतो. चालू करताच काही मिनिटांत तापणारे इंजिन अडकलेला थर्मोस्टॅट किंवा पाण्यात कोंडलेली हवा सुचवते. उत्तम चालत असताना एकाएकी काटा उसळणे म्हणजे पंप फिरवणारा पट्टा तुटणे, पंपातले रबरी चाक (इम्पेलर) फाटणे किंवा तळाच्या तोंडावर काही चिकटणे. तर महिनोन्‌महिने एकेक अंश चढत जाणारा काटा हा वर सांगितलेल्या क्षमतेच्या झिजेचा पुरावा होय.

काटा खरे सांगतो आहे की नाही, हेही गृहीत धरता येत नाही. जुन्या नौकेत खाऱ्या हवेने अर्थिंगचे सांधे गंजतात आणि त्यामुळे काटा चुकीचा चढतो किंवा उतरतो. थर्मोस्टॅटच्या घरावर आणि विनिमयकाच्या दोन्ही टोकांवर इन्फ्रारेड तापमापक धरून खात्री करून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते. यापेक्षा दुसरा प्रकार अधिक घातक आहे. संवेदक पाण्यात बुडलेला असेल तेव्हाच बरोबर मोजतो. गळतीने पाणी इतके उतरले की संवेदक वाफेत किंवा हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजून निघत असतानाही काटा शांतपणे खाली बसलेला दिसू शकतो, म्हणून अनुभवी तांडेल काट्याइतकेच लक्ष बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे आणि इंजिनाच्या वासाकडे ठेवतो.

समुद्रपाण्याच्या वाटेवर सर्वाधिक दोष ज्या भागात सापडतात तो म्हणजे पंपातला इम्पेलर, रबराच्या लवचिक पात्यांचे एक लहानसे चाक, जे पंपाच्या एका बाजूने चेपलेल्या घरात फिरताना पाती वाकवते आणि त्या वाकण्या-उलगडण्यातून पाणी खेचते व ढकलते. त्याला वंगण म्हणून पाणीच लागते. तळाची झडप, म्हणजे सीकॉक, उघडायला विसरून इंजिन सुरू केले तर अर्ध्या-एक मिनिटाच्या कोरड्या फिरण्यातही पाती जळू शकतात. नौका बराच काळ उभी राहिली तर वाकलेली पाती तशीच ताठतात आणि हंगामाच्या पहिल्याच फेरीत तुटतात. नवा इम्पेलर बसवताना जुन्याची पाती मोजणे अनेकदा राहून जाते, आणि तुटलेले तुकडे पाण्याबरोबर पुढे जाऊन विनिमयकाच्या तोंडाशी अडकतात, त्यामुळे नवा पंप असूनही पाणी कमीच येते. जितकी पाती गेली तितके तुकडे हाती लागेपर्यंत हे काम पुरे झाले असे मानू नये. पंपाच्या झाकणाच्या आतल्या पृष्ठभागावर खोल वर्तुळाकार चरे पडले असतील तर पाणी पात्यांच्या कडेने मागे सरकते, आणि गाळणीचे झाकण किंवा एखादा क्लॅम्प सैल असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पाणी बाहेर गळत नाही म्हणून ही चूक डोळ्यांना दिसत नाही.

वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. ज्या नौकांत वापरलेले समुद्रपाणी धुरात मिसळून बाहेर सोडतात, त्यांत पाणी आणि धूर जिथे एकत्र येतात तो लोखंडी कोपरा गरम वायू, मीठ आणि काजळी यांच्या संयुक्त माऱ्याखाली आतून फुगत जातो आणि वर्षांनुवर्षांच्या गंजाने त्याचे भोक बोटाएवढे उरते. पंप नवा, गाळणी स्वच्छ, विनिमयक धुतलेला, तरीही पाणी कमी, अशी तक्रार असेल तेव्हा हा कोपरा सोडवून आत पाहावे. विनिमयकातील जस्ताच्या कांडीचेही असेच आहे. ती स्वतः झिजून तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्यांना वाचवते, पण वेळेवर बदलली नाही तर तिचे सुटलेले तुकडे त्याच नळ्यांत जाऊन बसतात. क्षारांचा थर काढण्यासाठी सौम्य आम्ल वापरतात. ते ॲल्युमिनियमच्या भागांना खाते आणि त्याच्या वाफा बंद इंजिनखोलीत साचतात, म्हणून विनिमयक सोडवून उघड्यावर नेऊनच हे काम करावे. मांडवी किंवा वसईच्या खाडीत चालणाऱ्या बोटींत क्षारांपेक्षा गाळच अधिक सापडतो, आणि तो आम्लाने न जाता मऊ कांडीने व उलट्या प्रवाहाने जातो.

थर्मोस्टॅटविषयी स्पष्ट मत नोंदवणे भाग आहे. इंजिन तापू लागले की थर्मोस्टॅट काढून टाकायचा, ही अनेक बंदरांवर रूढ झालेली प्रथा चुकीची आहे. थर्मोस्टॅट ही पाणी ठरावीक तापमानाला पोहोचल्यावर आपोआप उघडणारी झडप असून तिच्याविना इंजिन मंद भारावर थंड राहते, इंधन पूर्ण जळत नाही, ते वंगणतेलात उतरते आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय कित्येक इंजिनांत हीच झडप उघडताना जवळची आडवाट बंद करते. झडप काढली की आडवाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा विनिमयकाकडे न जाता इंजिनातच गरगरत राहतो, म्हणजे ताप कमी करण्यासाठी केलेला उपाय पूर्ण भारावर ताप वाढवतो. थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही हे पाहायला तो पातेल्यातल्या पाण्यात तापमापकासह टांगून गरम करणे पुरेसे असते. तो किती अंशांना उघडू लागतो हे बहुधा त्याच्यावरच छापलेले असते.

हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि हेड यांच्यातील सांधा बंद ठेवणारा पत्रा, फुटल्याची शंका मालकाला सर्वांत आधी येते, कारण तिचा खर्चही सर्वांत मोठा असतो. वास्तविक तिचा क्रम शेवटचा असावा. पाण्याच्या टाकीत अखंड येणारे बुडबुडे, विनाकारण घटणारे पाणी, तेलाचा दुधट रंग किंवा धुरात न विरणारी पांढरी वाफ ही तिची लक्षणे आहेत. त्यातही दुधट तेल ऑइल कूलरच्या फुटक्या नळीनेही होते, त्यामुळे हेड उघडण्यापूर्वी कूलर दाबाखाली तपासलेला असावा. पुष्कळदा गॅस्केट हे तापण्याचे कारण नसून परिणाम असते, आणि मूळ कारण तसेच ठेवून घातलेले नवे गॅस्केट फार दिवस टिकत नाही.

भाराचा विचार केल्याविना ही चर्चा अपुरी राहील. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे ८० टक्क्यांवर आणले की शक्ती जवळपास निम्म्यावर येते आणि तिच्याबरोबर इंजिनात सुटणारी उष्णताही घटते. समुद्रात काटा चढू लागल्यावर वेग थोडा उतरवूनच नौका बऱ्याचदा सुखरूप बंदर गाठू शकते ती यामुळे. याच नियमाची दुसरी बाजू अशी की शिंपल्यांनी भरलेला तळ, पंख्यात गुंडाळलेले जाळ्याचे तुकडे किंवा गरजेपेक्षा मोठा बसवलेला पंखा इंजिनाला त्याच्या नेमलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचू देत नाही, काळा धूर येतो आणि शीतनव्यवस्था निर्दोष असूनही इंजिन तापते. पूर्ण थ्रॉटलला किती फेरे मिळतात हे पाहणे त्यामुळे तापमान पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

माणसाच्या जिवाशी संबंधित काही गोष्टी मात्र पुढील प्रकरणांची वाट न पाहता येथेच सांगितल्या पाहिजेत. गोड्या पाण्याच्या टाकीचे झाकण कुकरप्रमाणे दाब धरून ठेवते. अर्ध्या बारच्या झाकणाखाली पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि अशा वेळी झाकण फिरवले की त्यातले काही पाणी क्षणात वाफ होऊन उकळत्या पाण्यासह अंगावर येते, म्हणून टाकीला हात लावता येण्याइतकी ती निवल्याशिवाय झाकणाला स्पर्श करू नये. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नये; ओतीव लोखंड त्याने तडकते. धारेतून पाणी येत असेल तर भार काढून इंजिन काही वेळ मंद चालू ठेवावे, कारण एकदम बंद केल्यास पाणी थांबते आणि धातूत साठलेली उष्णता हेडला आणखी तापवते. धार पूर्ण बंद झाली असेल किंवा गोडे पाणीच निघून गेले असेल तर मात्र तत्काळ बंद करण्याखेरीज मार्ग नाही, आणि त्याआधी वारा, प्रवाह व खडकांचे अंतर पाहून नांगर तयार ठेवावा. पाणीमिश्रित धुराच्या नौकेत इंजिन सुरू होत नसताना वारंवार स्टार्टर मारावा लागला तर तेवढ्यापुरती सीकॉक बंद ठेवावी, एरवी सायलेन्सरमध्ये साठत गेलेले पाणी उलटून सिलिंडरमध्ये शिरते आणि दाबले न जाणारे ते पाणी कनेक्टिंग रॉड वाकवते. इंजिनाने पेट घेताच मात्र ती लगेच उघडली पाहिजे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते आणि नौका ओढून शाकारल्या जातात. शीतनव्यवस्था मुळापासून तपासण्यास वर्षातला तोच खरा अवकाश असतो. त्या काळात इम्पेलर काढून ठेवावा, विनिमयक गोड्या पाण्याने धुवावा, जस्ताची कांडी बदलावी, होज पाइप दाबून पाहावेत आणि तळाचे तोंड खरवडून मोकळे करावे. नौका पुन्हा पाण्यात उतरल्यावर, सर्व काही निरोगी असतानाच, ठरावीक फेऱ्यांना आत येणारे पाणी, बाहेर जाणारे पाणी आणि इंजिनातले पाणी यांची तापमाने, पूर्ण थ्रॉटलचे फेरे आणि त्या दिवशीचा समुद्र किती अंशांचा होता, एवढे एका वहीत तारखेसह लिहावे. पुढे केव्हा तरी काटा चढेल तेव्हा तुलनेसाठी हेच आकडे हाताशी असतील, आणि वाचकांना विनंती आहे की पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी त्यांनी अशी वही नौकेवर ठेवावी.